झाडचिचुंद्रीची रिकामी पेटी

१

जिजीच्या सुनेला इतकं शिकवलं कुणी, हा प्रश्न जिजी रोज विचारत असे. आणि ज्यांनी शिकवलं त्यांनी दुपटं धुवायला का शिकवलं नाही, हा त्याच्या पुढचा.

सून मोठ्या संस्थेत डोळ्यांवर संशोधन करायची. परदेशातले लोक तिला फोन करून सल्ला विचारायचे. पण लेकीचं, ठकीचं, दुपटं धुवायचं म्हटलं की ती म्हणायची, "राहू द्या ना जिजी, तिला ते तसंच आवडतं." तसंच म्हणजे कसं, तर दुधाचे डाग, वाळलेली लाळ, बिस्किटाचा चुरा आणि एका कोपऱ्याला कोण जाणे काय चिकटलेलं. दुपटं मूळचं पिवळं होतं, हे घरात फक्त जिजीला आठवत होतं. घरी कुणी आलं की ठकी ते दुपटं फरफटत बाहेरच्या खोलीत यायची आणि जिजीची मान खाली जायची. मुलगा जहाजावर नोकरीला, तो सहा महिने पाण्यावर; तेव्हा सगळी लाज एकट्या जिजीच्या वाट्याला.

शेवटी काल सून सुट्टी घेऊन घरीच होती, खोलीचं दार लावून संगणकापुढे बसली होती, तेव्हा जिजीने डाव साधला. दुपटं कढत पाण्यात टाकलं, साबण लावला, घासलं, परत साबण लावला. पाणी असं काळं निघालं की जिजीला ते एकटीने बघवेना. तिने कुंपणावरून शेजारणीला हाक मारून बादली दाखवली. शेजारीण "अगबाई, लेकराच्या अंगावर हे?" म्हणाली, तेव्हा कुठे जिजीच्या जिवाला थंडावा मिळाला.

त्या रात्री ठकीने घर डोक्यावर घेतलं. दुपटं हातात होतं, तरी रडत होती. नाकाशी न्यायची, हुंगायची, लांब फेकायची, परत उचलून आणायची, परत हुंगायची, आणि मग अशी किंचाळायची की जणू कुणी तिला फसवलं होतं.

"दात येताहेत," जिजी म्हणाली.

"दात आले सगळे तिचे," सून म्हणाली.

"मग पोट."

सून काही बोलली नाही. ही तिची दुसरी खोड. बोलायचं तेव्हा मूग गिळून बसायची.

सकाळी सुनेचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि हातातला चहाचा कप न बघताच ठेवला, तो टेबलाच्या कडेवरून खाली गेला. तिने फुटलेल्या कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पिल्लं नाहीत," ती म्हणाली.

"कुणाची पिल्लं?"

"झाडचिचुंद्रीची. पेटी रिकामी आहे, जिजी."

आणि केस न विंचरता ती निघून गेली. मागे उरल्या जिजी, फुटका कप आणि ठकीचा भोंगा.

२

चिचुंद्रीची पिल्लं गेली तर लोक देवाचे आभार मानतात, असं जिजीला वाटत होतं. पण सुनेचा चेहरा तिने पाहिला होता. तसा चेहरा माणूस गेल्यावर होतो. शिवाय ठकी काही केल्या थांबेना. ज्या बाईने जन्म दिला तिच्याच मांडीवर नेऊन टाकावी, असा विचार करून जिजीने एका हातात नात, दुसऱ्या हातात घडी घातलेलं दुपटं आणि खांद्याला पिशवी घेतली आणि बस पकडली.

संस्थेच्या फाटकावरच्या रखवालदाराने "आत जाता येणार नाही" म्हणायला तोंड उघडलं, ठकीने त्याच्या कानाशी एक सूर लावला, आणि त्याने फाटक उघडलं.

लांब वऱ्हांडा होता. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला बाकडी. सगळं असं लखलखत होतं की जिजी क्षणभर खूश झाली. एका खोलीला मोठी काच होती आणि काचेपलीकडे पिंजरे, पिंजऱ्यात फांद्या, आणि प्रत्येक पिंजऱ्यात झाकणाच्या दोन लाकडी पेट्या. फांदीवर एक प्राणी बसला होता. खारीएवढा, शेपटी खारीची, पण नाक पुढे ओढून लांबवल्यासारखं.

"ही चिचुंद्री? ही तर नाक ओढलेली खार आहे," जिजी म्हणाली.

"चिचुंद्री नाही ती, जिजी. नुसतं नाव तसं आहे."

सून बाकावर बसली होती. डोळे कोरडे, पण हात मांडीवर असे ठेवलेले की ते जणू दुसऱ्याचे आहेत. ठकीने आईवर झेप घेतली आणि तिच्या मळक्या ओढणीत तोंड खुपसलं. भोंगा थांबला. जिजीने हे पाहिलं, तिला ते मुळीच आवडलं नाही, आणि तिने ते मनात एका बाजूला ठेवून दिलं.

"सांग आता. सगळं सांग. गिळू नकोस," ती म्हणाली.

सुनेने सांगितलं, आणि जिजीला ते असं समजलं. हल्ली शाळेतल्या पोरांना धडाधड चष्मे लागताहेत. ते का लागतात आणि औषधाच्या थेंबांनी थांबतील का, हे सुनेला शोधायचं होतं. उंदरावर ते नीट जमत नाही. उंदराला मुळात धड दिसतच नाही. झाडचिचुंद्रीचा डोळा मात्र माणसाच्या डोळ्यासारखा चालतो. पिल्लू मोठं झालं की त्याच्या डोळ्यापुढे इवलंसं भिंग बांधायचं, डोळा लांबोडा होतो का ते बघायचं. पण ही जात फार भित्री. इथे आणल्यापासून एकही वीण टिकली नव्हती. या वेळी पहिल्यांदा तीन पिल्लं जगत होती.

"आणि आता नाहीत. खोलीला कुलूप, पेटीचं झाकण बंद. रक्ताचा थेंब नाही," सून म्हणाली.

"किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे, एक काकांकडे, ते पिंजरे बघतात. तिसरी साहेबांच्या खोलीत खिळ्याला असते. तिथून कुणीही घेऊ शकतं. पण काल कुणीच आत जायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. विण्यानंतर आईला अजिबात गडबड चालत नाही. म्हणून तर काकांची सुट्टी होती त्याच दिवशी मीही घरी राहिले."

"मग झालं. तू दिवसभर घरात होतीस, मी साक्ष देते."

"सासूची साक्ष कोण धरणार, जिजी?"

तेवढ्यात दार उघडून साहेब बाहेर आले. संस्थेचे प्रमुख. कडक इस्त्री, चमकते बूट, आणि हातात लहान मुलांना पुसायच्या ओल्या सुवासिक रुमालांचं पाकीट. आधी त्यांनी बाकाची कड पुसली, मग बोलले. गुलाबाचा वास वऱ्हांडाभर पसरला.

"दुपारी पाहणीची मंडळी येताहेत," ते सुनेला म्हणाले. "मी त्यांना रिकामी पेटी दाखवू? मॅडम, सरळ सांगतो. कुणालाही आत जाऊ देऊ नका म्हणून तुम्हीच फर्मान काढलंत. दुसऱ्या संस्थेने तुम्हाला बोलावलंय हेही मला ठाऊक आहे. पिल्लं तिकडे पोचली असतील तर आत्ताच सांगा. नाहीतर ती मंडळी यायच्या आत ही खोली मी उंदरांना देतो, आणि तुम्ही मोकळ्या."

मग त्यांचं लक्ष ठकीकडे गेलं. "अरे, बाळ का रडलं?" म्हणत त्यांनी एक रुमाल काढून तिचं नाक हळूच पुसलं. ठकीने तो वास घेतला आणि दुप्पट जोराने सुरू केलं.

साहेब आत गेले. जिजी बंद दाराकडे बघत राहिली.

"चोर म्हणाला तो तुला," ती म्हणाली. "माझ्या सुनेला. तुला नावं ठेवायचा हक्क या जगात एका माणसाला आहे, आणि या साहेबाला तो कुणी दिला?"

तिने पिशवी बाकावर आपटली आणि पदर खोचला.

३

पहिला सापडला उंदीरवाला. शेजारच्या खोलीत तो उंदरांवर काम करायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. गोल चेहऱ्याचा, तोंडात कायम काहीतरी चघळणारा. आत्ता तो वऱ्हांड्यातल्या खिडकीत उभा राहून डबा खात होता.

"तुम्हाला खोली मिळणार म्हणे," जिजीने सलामीलाच विचारलं.

"बसा मावशी. मिळाली तर घेईन, नाही कशाला म्हणू? माझे उंदीर एकमेकांच्या डोक्यावर झोपतात. पण पिल्लं मी नाही पळवली. मला ती हातात घ्यायची पण किळस येते. आणि त्यांचा तो वास. बाप रे. आंबलेल्या तेलासारखा. वर्षभर मी डबा खाली बागेत जाऊन खातोय."

"आज तर इथेच खाताय."

तो चावता चावता थांबला. "हो की. कालपासून वास नाही येत." जरा विचार करून तो हसला. "लक्षातच नाही आलं. भूक लागली की माझं डोकं बंद होतं."

"काल कुणाला आत जाताना पाहिलंत?"

"कानात गाणी घालून बसलो होतो. समोरून हत्ती गेला असता तरी कळलं नसतं."

या माणसाला वास नको होता, आणि वास गेला होता. जिजीने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग ती काकांकडे वळली.

काका मोरीपाशी एक बादली हातात घेऊन उभे होते आणि बादलीलाच रागावत होते.

"आजीबाई, मी एक दिवस सुट्टी घेतो. एक. परत येतो तर माझी बादली पालथी. मी कधी बादली पालथी ठेवत नाही, बुडाला गंज धरतो. फडकं दांडीवर वाळत घातलेलं, घडी करून. घडी, ऐकताय ना? आम्ही काय इथे इस्त्री करतो?"

"पिल्लं नाहीत हे तुम्हीच पाहिलंत?"

"सकाळी झाकण बोटभर उचलून नजर टाकायची, एवढंच माझं काम. हात लावायचा नाही. मॅडमची सक्त ताकीद. परवा होती तिन्ही, पाल्यात एकमेकांत गुरफटून. आज बघतो तर पेटीत पाला पण नवा. कोरा, कुरकुरीत. मला वाटलं मॅडमनीच बदलला. साहेबांना तसं सांगितलंसुद्धा."

"वा," जिजी म्हणाली. "म्हणजे तिला फासावर चढवायला दोर तुम्ही दिलात."

काकांनी बादली खाली ठेवली. "मी दिसलं ते सांगितलं हो. वाईट मनाने नाही. मॅडम चांगल्या आहेत."

"चांगली आहे का वाईट, ते मी बघते. तुम्ही फक्त वाटलेलं सांगत सुटू नका."

पेटीत कुणीतरी हात घातला होता, आणि ज्याने घातला त्याची पाटी कोरी. सगळे शिंतोडे एकट्या सुनेवर.

४

जनावरांची डॉक्टरीण काचेपाशी उभी होती. तरुण, बारीक, नखं कुरतडणारी. तिच्यासमोर पिल्लांची आई होती, आणि ती आई एका जागी ठरत नव्हती. पेटीत जायची, बाहेर यायची, छाती पेटीच्या कडेवर घासायची, फांदीवर घासायची, परत आत.

"काय खाज सुटलीय का तिला?" जिजीने विचारलं.

"खाज नाही आजी. छातीशी ग्रंथी असते, तिचा वास ती सगळीकडे लावते. हे माझं घर, असा शिक्का. पिल्लांवरही लावते. पण आज सकाळपासून थांबतच नाहीये. नव्या घरात राहायला आल्यासारखी करतेय."

"पिल्लांना शोधत असेल बिचारी."

डॉक्टरीणबाईने मान हलवली. "ही पिल्लांना शोधत बसणाऱ्यातली नाही. ती दुसऱ्या पेटीत झोपते. पिल्लांकडे दोन दिवसांतून एकदा जाते, घाईघाईने पाजते, शिक्का मारते आणि निघते."

जिजी हबकली. "दोन दिवसांतून एकदा? आई आहे का तपासनीस?"

"त्यांच्यात तसंच असतं. सारखं गेलं तर मागावर कुणीतरी येईल, म्हणून लांब राहते. पिल्लं मात्र एकदा प्यायली की फुग्यासारखी होतात, दोन दिवस ढिम्म."

जिजीला या जातीची एकंदर रीत पटली नाही. पण तिची नजर पिंजऱ्यातल्या ताटलीवर गेली. त्यात केळ्याचे काप होते, पपई होती, सगळं जसंच्या तसं, वरून सुकलेलं.

"हिने आज खाल्लं नाही."

डॉक्टरीणबाई नखं कुरतडायची थांबली.

"केळं समोर असताना ही सोडत नाही," ती हळू म्हणाली. "आणि मी पोट चाचपलं तिचं सकाळी. पोट भरलेलं आहे, आजी."

जिजीला समजायला एक श्वास लागला. मग तिने पदर तोंडाला लावला.

मागे सून उभी होती, ठकीला खांद्यावर घेऊन.

"तुला माहीत होतं," जिजी म्हणाली.

"ताटली बघितली तेव्हाच."

"मग त्याला सांगितलं का नाहीस? चोर म्हणवून घेतलंस."

"काय सांगू? आई पिल्लं खाते ती घाबरली तर, नाहीतर तिचं नीट बघितलं नाही तर. आत कुणी गेलंच नाही म्हणताहेत, मग उरली माझी हयगय. चोर ठरले तर निदान मी एकटी जाईन. हे सांगितलं तर म्हणतील ही जात इथे जगूच शकत नाही. मग सगळे प्राणी जातील, काम जाईल. परत कुणी सुरू करणार नाही." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "ती वाईट आई नाहीये, जिजी. कुणीतरी काहीतरी केलंय. पण काय ते मला सिद्ध करता येत नाही."

ठकी खांद्यावरून लोंबत होती. जिजीने सवयीने दुपटं तिच्या हातात दिलं. ठकीने ते नाकाशी नेलं, हुंगलं, आणि जमिनीवर फेकून दिलं.

जिजी खाली पडलेल्या दुपट्याकडे बघत राहिली. स्वच्छ, पिवळं, घडी न मोडलेलं. मग काचेतून त्या आईकडे, जी छाती घासत होती, घासत होती. मग परत दुपट्याकडे.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "तिला ओळखच पटली नाही."

"काय?"

"काही नाही. चल. सगळ्यांना त्याच्या खोलीत बोलाव. आणि मी आत जे काही बोलेन, ते निमूट ऐकायचं. ती सवय तुला आहेच."

५

साहेबांच्या खोलीत टेबलावर धूळ नव्हती, कागद नव्हता, पाण्याच्या पेल्याखालीसुद्धा चकती होती. खुर्चीमागे खिळ्याला किल्ली लटकत होती. उंदीरवाला दाराशी, काका त्याच्या मागे, डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून, सून मधोमध.

"आजी, मला वेळ नाही," साहेब म्हणाले.

"मलाही नाही. मी एवढंच सांगायला आले, की तुमचं बरोबर आहे."

सुनेने चमकून वर पाहिलं.

"ही पोरगी पहिल्यापासून अशीच," जिजी सुरू झाली, आणि तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "घरात बघाल तर काय. लेकराचं दुपटं महिनोन् महिने पाण्याला लागत नाही. मी म्हणते धू, ही म्हणते राहू द्या. डाग, लाळ, चिकटा, हात लावायची सोय नाही. माझा जन्म गेला हिच्यामागून पुसण्यात. जी घरी लेकराला स्वच्छ ठेवत नाही, ती इथे जनावरांना काय ठेवणार? मेली असतील ती पिल्लं घाणीने, दिली असतील हिने टाकून."

"जिजी," सून म्हणाली. एवढंच.

"वास तर यायचाच," उंदीरवाला पुटपुटला.

"मी पेटीत कधी डोकावले नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण मॅडमचं काम—"

"ते काही मला सांगू नका," जिजीने तिला तोडलं आणि सगळा मोर्चा साहेबांकडे वळवला. "तुम्ही स्वच्छतेची चाड असलेले. तुम्हालाच कळेल माझं दुःख."

साहेबांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं कुणीतरी हे म्हणावं याची ते वाट पाहत असावेत.

"अहो काय सांगू आजी तुम्हाला," ते पुढे झुकले. "मी ओरडून थकलो. पाला कुजका, पेटीला कसले पट्टे. पिल्लांच्या अंगावरसुद्धा नुसता तेलकट थर. अशी चिकट की—"

ते थांबले.

"तेलकट," जिजी म्हणाली. "ते डोळ्याला दिसत नाही, साहेब. हाताला कळतं."

काका हळूच म्हणाले, "माझ्या बादलीची घडी—म्हणजे फडक्याची."

"हो काका, तीच घडी. या खोलीत बघा, फडकंसुद्धा घडी करून ठेवणारा माणूस एकच दिसेल." जिजी खुर्चीत नीट बसली. "आता मी सांगते, चुकलं तर थांबवा. आज पाहणी. काल काकांची सुट्टी, सून घरी, वऱ्हांड्यात वास. पाहुण्यांच्या नाकाला काय वाटेल, या चिंतेने तुमचा जीव टांगणीला. तुम्ही खिळ्यावरची किल्ली काढली. पेटी धुतली, पाला बदलला. आणि मग ती तीन पिल्लं दिसली, अंगाला काहीतरी लागलेली. ती तुम्हाला तशी ठेववली नाहीत."

साहेबांनी पाकिटावर हात ठेवला.

"लहान बाळांचेच रुमाल आहेत हे," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "काही त्रास होत नाही त्याने. मी फार हळुवार पुसली. वाईट हेतू नव्हता माझा. कुणालाही विचारा, मला मुंगीसुद्धा मारवत नाही."

सून म्हणाली, "तुम्ही तिचा वास पुसलात." ती ओरडली नाही. "आज सकाळी ती पाजायला गेली. पेटी तिची नाही, पाला तिचा नाही, आणि आत गुलाबाचा वास मारणारी तीन परकी पिल्लं. माझ्या बंदीमागे दुसरं काहीच नव्हतं, साहेब. एवढंच होतं."

उंदीरवाल्याने चघळणं थांबवलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं मी बोलेन?" साहेबांनी शेवटी जिजीला विचारलं.

"जो दुसऱ्याची घाण साफ करतो, त्याला ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही," जिजी म्हणाली. "बादली घेऊन कुंपणापाशी जातो तो. तुम्हाला काल कुंपण मिळालं नव्हतं, मी ते आणून दिलं."

बाहेर गाड्यांची दारं वाजली. साहेबांनी कॉलर नीट केली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "त्यांना सांगू, की वीण टिकली नाही. असं होतं कधी कधी. आणि मॅडम, तुमच्यावरचा आरोप मी अर्थात मागे घेतो."

"नाही," जिजी म्हणाली.

"आजी, आता—"

"तुम्ही हिला चार लोकांत चोर म्हणालात. आता चार लोकांतच सांगायचं, ही जात इथे जगत होती, पिल्लं माझ्या हाताने गेली. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला लागले की लवकर आटपत नाही."

साहेबांनी जिजीकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग मागे वळून खिळ्यावरची किल्ली काढली, सवयीने ती पुसायला रुमाल उचलला, तो परत ठेवला, आणि किल्ली तशीच सुनेच्या हातात दिली.

६

त्यांनी सांगितलं. जिजी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून उघड्या दारातून ऐकत होती, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मंडळींमधल्या एका वयस्क बाईंनी सुनेला बरंच काही विचारलं, आणि या वेळी सून बोलली. थांबता थांबेना. खोली तिच्याकडेच राहिली.

डॉक्टरीणबाई बाकापाशी आली. "आजी, एक सांगू? या जातीत वीण झाली की मादी लगेच परत गाभण राहते. तिच्या पोटात आत्ता बहुतेक दुसरी वीण असेल. दीड-एक महिन्यात कळेल."

"मग सांगा त्या साहेबाला, तोपर्यंत स्वतःचं टेबल पूस म्हणावं."

परतीच्या बसमध्ये ठकी आईच्या मळक्या ओढणीत तोंड घालून गाढ झोपली. दुपटं जिजीच्या मांडीवर होतं. स्वच्छ, निरुपयोगी.

बराच वेळ गेल्यावर सूनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जिजी, एक विचारू? काल दुपटं कुणी धुतलं?"

"कुणी धुतलं याला काही महत्त्व नाही," जिजी म्हणाली.

सुनेच्या ओठाचा कोपरा हलला. जिजीला तो दिसला, आणि तिचा संताप परत वर आला, दिवसभराचा, सगळ्यांचा मिळून. तिने दुपट्याची घडी मोडली, ते चुरगाळलं, आणि सुनेच्या ओढणीखाली खुपसून दिलं, जिथे त्याला तिचा घाम लागेल.

"ऐक आता," ती म्हणाली. "तू कामाला गबाळी आहेस, ते मी आजही म्हणेन आणि उद्याही म्हणेन. जनावराच्या मनातलं तुला कळतं, आणि माणसापुढे उभी राहिलीस की दातखीळ बसते. चोर म्हणाला तो तुला, आणि तू ऐकून घेतलंस. परत असं ऐकून घेतलंस तर मी येणार नाही सोडवायला." ती जरा थांबली. "येईन. पण तुझ्यावरच चिडून येईन. आणि या दुपट्याला आजपासून घरात कुणी पाणी लावायचं नाही. तू म्हणतेस म्हणून नव्हे. मी सांगते म्हणून."